सुधावहिनींच्या फुटक्या कपातलं रोप

शेजारच्या सुधावहिनींच्या खिडकीत आज एक फुटका कप दिसला आणि माझे पाय जिन्यातच थबकले. कपात माझं रोप होतं! चीनमधल्या डोंगरकपारीतलं, जाड काळपट पानांचं, अख्ख्या सोसायटीत फक्त माझ्याकडे असलेलं. पाहुण्यांना मी ते नाटकाचा पडदा उघडल्याच्या थाटात दाखवायचो. वहिनींनी दोनदा पान मागितलं, तेव्हा "फार नाजूक असतं हो" म्हणून टाळलं.

खरं तर ते नाजूक नव्हतंच. गळलेलं पान कोरड्या मातीवर ठेवायचं आणि विसरून जायचं. त्याच्या देठाशी नवं रोप फुटतं. मला विसरणंच जमलं नाही. लाडाने रोज पाणी घातलं आणि गेल्या आठवड्यात माझं एकुलतं एक रोप मुळापासून कुजलं.

"वहिनी, हे तुमच्याकडे कसं?"

"दोन महिन्यांपूर्वी जिना झाडताना तुमच्या दाराशी पान सापडलं. केरात कशाला टाकायचं, म्हणून कपात ठेवलं. पाणीबिणी घालायचं राहूनच गेलं बघा."

मी वाकून पाहिलं. जुनं पान कागदासारखं सुकलं होतं. अंगातलं सगळं पाणी त्याने देठाशी फुटलेल्या चिमुकल्या पानांच्या गुच्छाला देऊन टाकलं होतं. तिकडे चीनमधल्या कड्यावरही असंच चालत असेल. तिथे ना मालक, ना पाहुणे. पान गळतं, खडकाच्या फटीत पडतं आणि पुढचं आपोआप होतं.

"हे मोठं झालं की एक पान द्याल?"

वहिनींनी कप अलगद आत घेतला.

"देईन की भाऊजी. पण फार नाजूक असतं हो."