नानांची गिरकी

“म्या का बाजूला व्हायचं?”

हे म्हणताना आमचे नाना दोन्ही पाय जमिनीत रोवायचे, हात कमरेवर ठेवायचे आणि हनुवटी वर करायचे. मग समोर माणूस असो, बैल असो की दुधाचा टेम्पो. टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला की बिचारा स्वतःच कडेला घालायचा. पूर्ण नाव सांगत नाही. आमच्या निरगुडसर गावात नाना म्हणून हाक मारली तर पाच-सहा जण वळून बघतात, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

नानांची सून लग्नाआधी पुण्यात आयकिदो शिकलेली. जपानी विद्या आहे. आपल्या कुस्तीसारखी झोंबाझोंबी त्यात नाही. समोरचा जोरात अंगावर आला की आपण त्याच्या वाटेतून निघायचं आणि त्याच्याच जोरावर त्याला फिरवायचं. तिनं गावात रविवारी सकाळी वर्ग काढायचं ठरवलं. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा, गोडाऊन मोठं, म्हणून जागा माझी. खाली अंथरायला मॅट हव्यात, तर नानांनी गोठ्यात गाईंखाली घालायच्या नव्या रबरी मॅट काढून दिल्या. गाई महिनाभर रुसल्या होत्या म्हणे.

पहिल्या रविवारी नाना दारात खुर्ची टाकून बसले, “सुनंच्या क्लासाला कोन कोन येतंय ते बघाया.” आलं कोण? कॉलेजातल्या दोन मुली आणि गुडघे कुरकुरणारा मी. सून दरवाज्याकडं बघत उभी राहिली. तिचा चेहरा उतरलेला पाहून नाना खुर्चीतून उठले, टोपी खिळ्याला अडकवली आणि पायजम्यावर मॅटवर येऊन उभे राहिले. “म्याडम, येक मानूस वाढवा.”

तेव्हापासून मॅटवर ती ‘म्याडम’. मॅटवरून पाय खाली ठेवला की लगेच, “सूनबाई, च्या टाक.”

शिकायला सुरुवात पायांपासून. पाय उचलून आपटायचा नाही, जमिनीलगत न्यायचा, गुडघे सैल, अंग सरळ. ऐकायला सोपं. पण आपल्याकडं दुसऱ्याला पाय लागला की लगेच वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात छातीला लावायचा. जोडीनं पावलं टाकायची म्हटल्यावर पायाला पाय लागणारच. माझा पाय नानांना लागला, मी वाकलो. मी वाकताना नानांचा गुडघा माझ्या कपाळाला लागला, ते वाकले. वाकताना त्यांचं ढुंगण मागच्या मुलीला लागलं. तिला बिचारीला यावर काय करायचं असतं तेच माहीत नव्हतं. पहिला तास असा एकमेकांना नमस्कार करण्यात गेला.

सून हसून हसून खाली बसली. “मामा, इथं पाय लागला तर पाया पडायचं नाही.”

“सवय हाय, म्याडम. माप करा. आता तुमाला बी नमस्कार करावा लागंल.”

दुसरी पंचाईत मनगटाची. सराव करायचा तर एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरायचं. आता सासऱ्यानं सुनेचं मनगट धरायचं कसं? नानांनी हात पुढं केला, मागं घेतला, धोतर नसताना धोतर सावरलं आणि शेवटी माझं मनगट पकडलं. तिथून मी त्यांचा कायमचा जोडीदार झालो. माझ्या मनगटावर सोमवारपर्यंत नानांची बोटं मोजता यायची.

तिथं एक गिरकी शिकवतात, तेनकान म्हणतात तिला. समोरच्यानं मनगट धरलं की ओढाओढ करायची नाही. पुढचा पाय त्याच्या पायाशेजारी न्यायचा, मागचा पाय गोल फिरवायचा, की आपण त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे. नानांना ही गिरकी काही केल्या जमेना. मी धरलं रे धरलं की ते रोवून उभे, आणि असा हिसका देत की मीच गिरकी घेऊन मांडवाच्या बांबूंवर जात असे.

“ओढू नका मामा. वळा.”

“त्यानं धरायचं आन् म्या वळायचं? लोकं म्हन्तील पळाला!”

“पळायचं नाहीच. त्याच्या शेजारी जायचं. तो जिकडं बघतोय तिकडं बघायचं.”

“त्यो कुठं का बघंना. मला काय करायचंय?”

सुनेनं माझ्याकडं बघितलं. का, ते मला माहीत होतं. नानांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा वाटणीपासून अबोला होता. दोघांच्या घरांना जायची वाट एकाच बांधावरून, एका वेळी एक माणूस जाईल एवढीच. दोघं समोरासमोर आले की दोघंही थांबायचे. एकदा डोक्यावर चाऱ्याचे भारे घेऊन उन्हात उभे राहिले, आणि अर्धा गाव बघायला गेला. घरी परतताना नाना मान आपल्या उसाकडं वळवून चालायचे, धाकट्याचं घर दिसायला नको म्हणून. आणि आता धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चुलता मांडवात येणार का, या एका काळजीनं सुनेला घास गोड लागत नव्हता.

मांडव माझ्याकडंच. मी टेप घेऊन अंगण मोजायला गेलो आणि बांधावर नाटकाचा पडदा उघडलेलाच होता. नाना रस्त्याकडं निघालेले, धाकटा डोक्यावर घमेलं घेऊन घराकडं निघालेला.

“आज माज्या दारात कार्याची मोजणी हाय. आज तरी वाट दी,” धाकटा बोलला. किती वर्षांनी बोलला!

नानांचे पाय रोवले गेले, हनुवटी वर गेली. धाकट्यानं घमेलं खाली ठेवलं आणि नानांचं मनगट धरलं. मी डोळे मिटले. म्हणजे एकच मिटला.

आणि राव, नानांचा डावा पाय जमिनीलगत पुढं गेला. मागचा गोल फिरला. गोडाऊनमध्ये एकदाही न जमलेली गिरकी बांधावर अशी काही जमली की दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून, तोंडं घराकडं करून उभे! नानांचा एक पाय धाकट्याच्या मेथीत.

उसाच्या बाजूला धाकट्याचा खांदा, त्यामुळे मान वळवायला जागा नव्हती. नाना समोर बघत राहिले. समोर धाकट्याचं अंगण, आणि अंगणाच्या तोंडाशी नानांच्या गोठ्यामागचा उकिरडा, डोंगराएवढा.

“ह्यो माजा का रं?”

“मग कुनाचा? माजा आसता तर तुज्या दारात टाकला आस्ता.”

“लई जवळ दिसतोय हितनं.” मग हुंगून बघत, “वास येतो?”

“पावसाळ्यात दार लावून जेवतोत आमी.”

धाकटा मनगट सोडायचं विसरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. ट्रॉली भरताना दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत, पण घमेली दोघंही भरत होते. लग्नात अक्षता टाकायला नाना सगळ्यांच्या पुढं. मी सुनेला बांधावरचा सगळा प्रसंग दोन्ही भूमिका करून दाखवला, तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, “मागचा पाय पूर्ण फिरला होता का?”

वर्ग आता भरलेला असतो. नाना मात्र यायचे बंद झाले. परवा रविवारी सुनेनं मला बघायला पाठवलं. उकिरड्याच्या मोकळ्या जागेत दोघं भाऊ समोरासमोर उभे.

“आंबाच लावायचा!” धाकटा ओरडला.

“आन् सावली कुनाच्या उसावर पडनार? लिंबू लावायचं!”

“लिंबाचं काटं तुज्या नातवाच्या पायात जातील!”

“माजा नातू बघंल माजं काटं!”

धाकट्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवला, तिनं नेऊन पुन्हा गरम करून आणला. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. मी आलो तसा परत फिरलो.

“येतायत का मामा?” सुनेनं मॅटवरून विचारलं.

“आज नाही येत,” मी म्हटलं. “आज भांडण चांगलं रंगात आलंय.”