गोणपाट पांघरलेले बैल

गोदामात गोण्या शिवणाऱ्या बायका तिला मावशी म्हणत. नवरा गेल्यापासून तिचं घर मुकं झालं होतं. बोलकी उरली होती ती फक्त प्रार्थनाघरातली, सभेला धर्मग्रंथातल्या गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवण्याची जागा. दिवसभर दाभण-सुतळीवर वाकलेली मावशीची पाठ तिथं उभं राहिलं की आपोआप ताठ व्हायची.

त्या जागेवरच आता गदा आली. प्रार्थनाघराचा कारभार तिच्या थोरल्या भावाकडे. देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्या हिब्रू संदेष्ट्यांच्या गोष्टी म्हणजे घडलेला इतिहास, तो एकाच गंभीर सुरात वाचायचा, असं त्याचं म्हणणं. आणि मावशीनं पळपुट्या संदेष्ट्याची गोष्ट अशी वाचली होती की लोक पोट धरून हसले. देवानं एका पापी शहराला ताकीद द्यायला जा म्हटल्यावर भलतीकडचं जहाज पकडणारा, माशाच्या पोटात राहून आलेला तो. पुन्हा असं झालं तर दुसरं कुणी वाचेल, असं दादानं बजावलं.

"घडलं की नाही ते मला विचारू नकोस, दादा, मी तिथं नव्हते," ती म्हणाली. "पण सांगणाऱ्याचा सूर मला कळतो. राजाला दटावणाऱ्याची गोष्ट मी दटावूनच वाचते. आपल्या उद्ध्वस्त शहरासाठी रडणाऱ्याची वाचताना माझा गळा भरून येतो. ही मात्र चिमटा काढायला रचलेली आहे. ताकीद ऐकून त्या शहराच्या राजाच्या हुकमानं माणसंच काय, गुरंसुद्धा गोणपाट पांघरून पस्तावा करतात! जन्मभर गोणपाट शिवलंय मी. बैलाच्या पाठीवर टाकून बघ, आणि मग गंभीर राहून दाखव."

"देवाच्या घरात दात काढायचे?"

"देवानंच काढायला लावलेत."

पुढच्या सभेला दादानं मुद्दाम तीच गोष्ट तिच्यापुढे ठेवली आणि समोरच हाताची घडी घालून बसला. मावशीनं चष्मा पुसला, आपल्याच सुरात सुरुवात केली. लोक ओठ दाबून ऐकत होते. गोणपाट पांघरलेली गुरं आली, तशी मागच्या बाकावर गोदामातली एक बाई फिसकन हसली आणि सगळी खोली तिच्यामागून वाहत गेली.

दादा उठला. "पुरे."

मावशी थांबली नाही. शहर पस्तावलं, देवानं त्याला माफ केलं, आणि याचाच राग येऊन संदेष्टा वेशीबाहेर तोंड फुगवून बसला. इथं हसू आपोआप ओसरलं. जो तो आपलं फुगलेलं तोंड आठवत असावा. एवढ्या माणसांची, एवढ्या मुक्या गुरांची कीव करू नये का, हा देवाचा प्रश्न तिनं हळू आवाजात वाचला आणि पुस्तक मिटलं. गोष्ट तिथंच संपते. संदेष्ट्याचं उत्तर कुणी लिहिलेलंच नाही.

दादानं पुस्तक तिच्या हातून काढून घेतलं. मग जवळ येऊन पुटपुटला, "चुकलं म्हण. जागा तुझीच आहे."

"जागा ठेव तुझ्याकडे," मावशी म्हणाली. "गोष्ट मला पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी गोदामात दाभणं चालू झाली. मावशीनं सुतळी ओवली, घसा साफ केला आणि पळपुट्याला जहाजावर चढवलं. शेजारची बाई मान वर न करता म्हणाली, "बैल यायच्या आधी खूण कर गं, मावशी. दाभण खाली ठेवते, नाहीतर बोटात घुसायचं."