हिराबोडीचं पाणी

रोज सकाळी सहाला डिंपल क्लासचं शटर अर्धंच वर करायची, वाकून आत शिरायची आणि सहाही राउटर सुरू करून त्यांतलं आदल्या दिवशीचं सगळं पुसून टाकायची. मग एकेकाला नाव द्यायची. इंग्रजी अक्षरांत, पण नावं गावची. गावतलाव. देवबोडी. हिराबोडी. सहावं नाव टाईप झालं की डब्याच्या झाकणात चहा ओतायची. त्याआधी कधीच नाही.

ती तळी ब्रह्मपुरीकडची. तिचा बाप, उमाजी भानारकर, त्यांतच जाळं टाकायचा. सुरुवातीला या यंत्रांचे नुसते क्रमांक तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळायचे; कुठून आलेला निरोप कुणीकडे धाडायचा हे पुस्तकातून कळेना. एका दुपारी तिने वहीत तळी काढली. वरचं भरलं की सांडव्यावरून खालच्यात. एक पाट बुजला तर पाणी दुसरी वाट धरतं. त्या दुपारी तिला राउटर कळला.

क्लास लियाकतभाऊंचा, चंद्रपुरात. दिवसभर ती तिथे पोरापोरींना टायपिंग शिकवायची. राउटर भाऊंनी नागपूरहून जुने आणले होते, नेटवर्किंगचा वर्ग काढायच्या इराद्याने. वर्गाला कुणी आलं नाही. डिंपल तेवढी शिकली, आणि बंगलोरच्या एका कंपनीने तिला कळवलं : नेटवर्किंगची आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा पास झालात तर नोकरी पक्की. फी आम्ही भरू. एकदाच.

"तू पास झाली का तुया फोटो बोर्डावर लावतो," भाऊ म्हणायचे. "मंग पाय कशी लाईन लागते ते."

"अन् नाई झाली तं?"

"तं भंगारवाला हाये ना! तुले नाई नेणार, घाबरू नोको. मशीनी नेईल."

दीड वर्ष गेलं. शेवटच्या महिन्यांत तिला भीती वाटेनाशी झाली, आणि भीतीबरोबर बाकीचंही वाटेनासं झालं. आईने, कुंताबाईने, पाठवलेली सुकी मासोळी ती खायची, संपली की डबा धुवायची. दिवाळीत गावी गेली तेव्हा उमाजी म्हणाला, "काऊन वो बाई, पाण्यावानी गप झाली?" त्यावर ती हसली, कारण हसायला हवं होतं. बोटांना सगळं येत होतं. बोटं आपली चालायची, आणि ती मागे कुठेतरी बसून पाहायची.

फेब्रुवारीत ती बल्लारशाहून गाडीत बसली.

बंगलोरचा हॉल थंडगार होता. कागदाच्या पहिल्याच पानावर सूचना होती : यंत्रांची दिलेली नावं बदलू नयेत, तपासणी त्या नावांवरून होईल. तिने ती वाचली. समजलीही. मग कागद बाजूला ठेवला आणि हात की-बोर्डावर गेले. दीड वर्ष जे पहिल्यांदा करत होते, तेच त्यांनी पहिल्यांदा केलं. गावतलाव. देवबोडी. हिराबोडी.

त्यानंतर आठ तास पडद्यावर तीच नावं होती. ती इतकी तिची होती की त्यांत वावगं काही दिसलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत दहीभात खाल्ला. दुपारी एक वाट मुद्दाम तोडून पाहिली. निरोप दुसऱ्या वाटेने बरोबर पोचला. गावात पाणी पोचतं तसाच.

वेळ संपल्यावर परीक्षक तिच्या पडद्याशी वाकले. "ये हिराबोडी कौन है?"

"तालाब है, सर."

आलेलं हसू त्यांनी आवरलं. मग पहिलं पान काढून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. डिंपलने ओळ पुन्हा वाचली. आपल्याला आता काही व्हायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. खिडकीच्या काचेवर एक पाल होती. ती पाल हलेपर्यंत डिंपल तिच्याकडे पाहत होती.

निकाल दुसऱ्या दिवशी आला : नापास. आठवड्याने कंपनीचं पत्र आलं, दोन ओळींचं, सभ्य.

लियाकतभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काम बरोबर होतं?"

"हो."

"अन् नाव चुकलं?"

"नाव बी बरोबरच होतं भाऊ. तिथलं नव्हतं."

भाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "आणखी सहा महिने ठेवतो मशीनी. आपण फी जमवू."

"नोका ठेवू," ती म्हणाली. नवऱ्याकडून दुखावून आलेल्या बाईला माहेरी विचारतात तसं ते हळू बोलत होते, आणि तिला त्याचंही काही वाटत नव्हतं. "मले आता सकाळी सहाले येववत नाई, भाऊ."

मार्चच्या एका दुपारी इसरू नावाचा भंगारवाला हातगाडी घेऊन आला. डिंपलनेच तारा सोडवल्या, गुंडाळल्या, रबर लावले. एकेक राउटर उचलून तिने दारापर्यंत नेला. पोरांचा टायपिंगचा खडखडाट आत चालूच होता. इसरूने तीन राउटर एकावर एक उभे रचले, वरचा कलला. तिने हात लावून तो सावरला.

"भाऊ, उभे नोका ठेवू," ती इसरूला म्हणाली. "आडवे ठेवा, अन् मधात रिकामा बोरा टाका."