मेथीच्या हौदावरचा मांडव

हौदातलं पाणी मी तपासणीसाठी बाटलीत भरत होतो, तेव्हा मळ्याच्या मालकीण सुमनताई शेजारीच मेथीच्या जुड्या धूत होत्या. त्यांना थांबा म्हणालो नाही. रिपोर्ट येईपर्यंत उगाच कशाला घाबरवायचं, अशी स्वतःची समजूत घातली.

हौदावरचा रंगवलेला लाकडी मांडव आमच्या कंपनीचा. वाळवी, बुरशी लागू नये म्हणून आम्ही लाकडात प्रेशरने तांब्याचं औषध भरतो. पावसात ते थोडंथोडं धुऊन बाहेर येतं. त्याला लीचिंग म्हणतात. रंगाने ते बरंचसं अडतं. मांडव बसवताना ताईंनी विचारलं होतं, वरचं पाणी हौदात पडलं तर चालेल ना? आमच्या टेस्टच्या भरवशावर मी हो म्हणालो.

ती टेस्ट म्हणजे रंगवलेला तुकडा पाण्यात बुडवून ठेवायचा. लॅबमध्ये ऊन नव्हतं. मळ्यात उन्हाने वरच्या रंगाला केसासारख्या चिरा पडल्या. चिरांतून पाणी आत शिरलं आणि रंगाखाली लवकर सुकेना. पुन्हा ऊन, पुन्हा पाऊस, दर वेळी थोडं तांबं बाहेर. खालून बघाल तर रंग चकाचक.

रिपोर्टमध्ये तांबं निघालं. साहेब म्हणाले, मेंटेनन्स म्हणून नवा कोट मारून या, बाकी बोलू नका. मी पेंटरला घेऊन निघालोही. वाटेत द्वारका चौकात त्याला उतरवलं आणि एकटाच मळ्यात गेलो.

सगळं सांगितलं. ताईंनी विचारलं,

"पाणी भरून नेलं, तवा ठाऊक होतं?"

"शंका होती."

"आन मी तुमच्यासमोर धूत होते."

मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला.

"नात कच्ची मेथी खाती. तिला काय होईल?"

"मला माहीत नाही, ताई. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो."

"तुम्ही राहता कुठं?"

"इंदिरानगरला."

"आमचा माल तिकडंच जातो. तुमच्या घरात बी गेला असंल."

त्या दिवशी त्यांचा टेम्पो भरला नाही. डॉक्टरांनी नातीला तपासलं; काही आढळलं नाही. मांडव आम्ही उतरवून आणला. ताईंनी दुसऱ्याकडून लोखंडी घातला.

आता आम्ही रंगवलेले तुकडे गच्चीवर उन्हापावसात ठेवतो. निकालाला वेळ लागतो. तोवर कुणी विचारलं तर, अजून माहीत नाही, असं सांगतो. या उत्तराने काही ऑर्डरी जातात.