आमच्या वळणावर शून्य अपघात!

मंडळी, पोशीरजवळच्या वळणावर गतिरोधक हवा म्हणून आज आम्ही पाच-सहा जण कर्जतला रस्ते खात्याच्या साहेबांकडे गेलो.

त्यांनी अपघातांची सरकारी यादी उघडली. "तुमच्या वळणावर शून्य. मग गतिरोधक कशाला?"

मला लगेच संशय आला. माझ्या गॅरेजात येणारी निम्मी वाकडी चाकं त्याच वळणावरची असतात.

शेजारच्या वनितानं प्लॅस्टरमधला हात पुढे केला. "मग ह्यो काय झोपंत मोडला?"

"अगं, पोलिसांत नोंदवलंस का?" मी विचारलं.

"नाय ओ दादा. टेंपोवाला गावातलाच हाय. आपसात मिटवलं."

साहेब हसले. गतिरोधक राहूनच गेला.

यादीत नोंदवलेलंच येतं, मंडळी. तुमच्या वळणावर शून्य दिसलं तर खरं सांगा, अपघात झाले नाहीत, की आपणच मिटवले?