बहरीनमध्ये शिवलेल्या वाकळा

विमानाच्या खिडकीतून पहिल्यांदा बहरीन दिसलं तेव्हा मला वाटलं, आपण चुकून समुद्रातच उतरतोय. खाली जिकडंतिकडं पाणी, कुठं हिरवट, कुठं दुधाळ, आणि त्यात पापडाएवढी पिवळी जमीन. मी जन्माची भित्री भागूबाई. पर्समधली जपमाळ काढली आणि डोळे घट्ट मिटले. शेजारी हमीदभाई नावाचे रत्नागिरीकडचे, बहरीनमध्ये दुकान असलेले कापडाचे व्यापारी बसले होते. ते म्हणाले, "बाई, पयल्यांदाच काय? घाबरू नका. पाण्यात उतरल्यासारखा वाटतो, पण उतरतो जमिनीवरच, इंशाल्ला." त्या इंशाल्लानं (देवाची इच्छा असेल तर) माझा उरलासुरला धीरही गेला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझी धाकटी बहीण रोझी तिथल्या एका इस्पितळात नर्स होती, तिचा नवरा सायमन एका हॉटेलच्या ऑफिसात. त्यांना पहिलं बाळ झालं होतं आणि बाळंतिणीच्या मदतीला मी वसईच्या शाळेतून रजा काढून निघाले होते. सामानात डिंकाचे लाडू आणि खास सायमनसाठी सुके बोंबील.

त्या बोंबलांनीच घोटाळा केला. कस्टमच्या माणसानं बॅग उघडली, नाक धरलं आणि विचारलं, "शिनू हाधा?" (हे काय?) मी इंग्रजीत मासे म्हटलं, पण ते वाळकुंडे प्रकार पाहून त्याचा विश्वास बसेना. त्यानं दुसऱ्याला बोलावलं. तेवढ्यात मागून हमीदभाई अरबीत काहीतरी बोलले, दोघंही हसले आणि बॅग बंद झाली. "काय सांगितलंत हो?" मी विचारलं. "म्हटलं, बाई मास्तरीण हाय. पोरांना मारायच्या काठ्या हायत."

विमानतळ मुहर्रकच्या बेटावर आहे आणि तिथून मनामा शहरात जायला समुद्रावरचा रस्ता. दोन्ही अंगांना उथळ पाणी, लाकडी होड्या आणि नव्या इमारतींचे सांगाडे. रोझीचं घर अदलियात होतं, एका बैठ्या घराचा मागचा भाग. दारात ती बाळाला घेऊन उभी असेल असं मला वाटलं होतं. बाळ होतं, पण दुसरीच बाई त्याला घेऊन उभी होती. गोरीपान, रुंद गालांची, बारीक डोळ्यांची. "ही पद्मा," रोझी म्हणाली. "माझ्या वॉर्डातली. ड्यूटी संपली की इथंच. माझं पोर माझ्याहून तिलाच जास्त ओळखतं."

पद्मा हिमाचलच्या एका उंच दरीतली. नवरा घाटातल्या रस्त्याच्या कामावर असताना वारला. तेव्हापासून मुलगी डोलमा आजीजवळ गावात आणि ही आखातात. हिवाळ्यात त्या गावाचा रस्ता बर्फानं बंद होतो, पत्रंसुद्धा जात-येत नाहीत. ती माझ्याशी हिंदीत बोलायची, मी मराठीतली हिंदी फेकायची, आणि आमचं छान जमलं. बाळाला तेल लावताना ती सारखी म्हणायची, "डोलमा भी ऐसे ही पैर मारती थी, दीदी."

शुक्रवारी सुट्टी. सायमननं आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबून खजुरीच्या बागांकडं नेलं. तिथं गोड्या पाण्याचे झरे आहेत. चहूकडं खारा समुद्र आणि जमिनीतून मात्र गोडं पाणी उसळतंय, हे पाहून मला फार नवल वाटलं. आम्ही खुबूस (तिथली तंदुरी रोटी) आणि तळलेला हामूर मासा खाल्ला. पद्मा पायाचे घोटे बुडवून झऱ्यात उभी होती. सायमननं गाडीतला रेडिओ लावला, दिल्लीच्या हिंदी बातम्या खरखरत लागल्या. हिमाचलमध्ये बर्फाचे कडे कोसळले. एका ठिकाणी बर्फानं नदीच अडवली, मागं पाणी तुंबलं आणि मग तो बांध फुटून खालची गावं वाहून गेली. पुढं पद्माच्याच दरीचं नाव आलं.

पद्मा पाण्यातून बाहेर आली नाही. "हमारा गाँव नदी से ऊपर है," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःशीच, "मगर बर्फ तो ऊपर से आती है."

परतताना गाडीत पद्मानं बाळाला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. दिल्लीत पद्माचा भाऊ नोरबू नोकरीला होता. त्याला तार केली. उत्तर आलं की दरीत कुणी पोचलेलं नाही, हेलिकॉप्टरं हवा उघडण्याची वाट बघताहेत. ट्रंक कॉल लावावा तर लागायचा नाही, लागला तर ऐकू यायचं नाही. पद्मानं रजेचा अर्ज केला. पासपोर्ट इस्पितळाच्या ऑफिसात अडकलेला, बदली नर्स मिळेना, आज या, उद्या या. ती ड्यूटीवर जायची, यायची, बाळाला न्हाऊ घालायची. मला तिच्याकडं बघवत नसे. मीच रात्रंदिवस जपमाळ ओढत होते आणि रोझी म्हणायची, "बाय, तू तिला धीर द्यायला आहेस की ती तुला?"

इकडं बहरीनमधल्या आपल्या लोकांनी मात्र कमाल केली. कुणीतरी चर्चच्या हॉलमध्ये मदत गोळा करायचं ठरवलं आणि दोन दिवसांत वसईकर, रत्नागिरीकर, मल्याळी, सिंधी सगळे आले. डोंगरात थंडी, तेव्हा काय द्यायचं? ब्लँकेट! आता हे ब्लँकेट प्रकरण सांगायला हवं. आखातातल्या प्रत्येक आपल्या माणसाच्या कपाटावर एक जाडजूड, गुळगुळीत, वाघाचं नाहीतर मोराचं चित्र असलेलं ब्लँकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असतं. ते पांघरायचं नसतं. ते सुट्टीला जाताना गावी न्यायचं असतं, आणि गावीही ते कुणी पांघरत नाही. कोकणच्या उकाड्यात कोण पांघरणार? पाहुणे आले की पिशवीसकट दाखवायचं. आमच्या रोझीचाही एक वाघ कपाटावर होता. "हा सासूबाईंसाठी आहे," ती कुरकुरली. सायमन म्हणाला, "आई पंख्याखाली झोपते. तिला वाघ कशाला?" आणि वाघ खाली उतरला.

हॉलमध्ये नुसते वाघ आणि मोर झाले. हमीदभाईंनी मुलीच्या लग्नासाठी घेतलेली नवीकोरी जोडी आणून ठेवली. लोक एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते. पद्मा एका कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांना हात जोडत होती, पण तिचा चेहरा काही मला ठीक वाटेना. मी तिला बाजूला घेतलं.

"काय झालं गं?"

"कुछ नहीं, दीदी. बहुत अच्छे लोग हैं."

"सांग मला."

तिनं एका मोराच्या अंगावरून हात फिरवला. "हमारे यहाँ सब आग के पास सोते हैं. बच्चे सबसे पास. इसमें चिनगारी लगी तो यह जलता नहीं, पिघलता है. चमड़ी से चिपकता है." ती आणि रोझी भाजलेल्यांच्या वॉर्डात होत्या. तिला हे कुणी सांगायला नको होतं. "मत कहना किसी से. इन्होंने दिल से दिया है."

न सांगण्यासारखं होतं का ते? आणि माझं तोंड म्हणजे फुटका माठ. भीती वाटली की काही राहत नाही आत. मी तिथंच मोठ्यानं म्हटलं, "अहो, थांबा! ही वितळतील हो!"

मी शाळेत सांगतात तसं ठिणगी, नायलॉन, कातडी असं सगळं सांगितलं. कुणी खाली मान घातली. हमीदभाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे आमी जाळायला दिली काय पोरांना?" ते म्हणाले. पद्मानं माझ्याकडं असं पाहिलं की मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा हमीदभाईंच्या बायको, जैनबभाभी, बुरख्याच्या बाह्या वर सारत उठल्या. "अगो, त्यात तोंड पाडण्यासारखा काय हाय?" त्या म्हणाल्या. "आपल्याकडं वाकळ नाय शिवत? वरून सुती, खालून सुती, ह्या वाघोबाला घालू आत. सुताला ठिणगी लागली तर भोक पडल, चिकटायचा तर नाय. दुकानातनं मांजरपाटाची ठाणं काढा तुमी. आणि बायांनो, जुनी मऊ लुगडी असतील ती आणा. यल्ला!" (चला!)

नवा प्रश्न सुयांचा. असल्या जाडीतून साधी सुई जाईना. सायमननं हॉटेलच्या गोदामातून पोती शिवायची दाभणं आणली. आणि मग त्या हॉलच्या फरशीवर, माझ्या जन्मात न पाहिलेला प्रकार सुरू झाला. वसईच्या बाया एका कडेनं, कोकणी मुसलमान बाया दुसऱ्या कडेनं, मधे पसरलेला वाघ. धावदोरा घालत दोन्हीकडून मध्यावर यायचं. एक म्हणायची, आमच्याकडं टाके उभे घालतात. दुसरी म्हणायची, आडवे. भांडण व्हायचं आणि दोन्ही घातले जायचे. नर्सिंगच्या पोरी ड्यूटीवरून थेट येत. इंग्रजी शाळेतल्या मुली मराठी कळूनही इंग्रजीत उत्तरं देत दोरे ओवत होत्या. जैनबभाभी सगळ्यांना दटावत होत्या, "लांब टाका नको! पोराचं बोट अडकतंय."

पद्मा माझ्या शेजारी बसायची. तिचे टाके जखमेचे असावेत तसे बारीक आणि सारखे. एकदा शिवता शिवता ती थांबली. "दीदी, यह किसके लिए सी रही हूँ मैं?" मी खोटं कसं बोलणार, आणि खरं कुणाला माहीत होतं? मी तिचा दोरा ओवून दिला.

शेवटी रजा मिळाली. माझ्या परतीच्या विमानातच तिला जागा मिळाली आणि वाकळांची गाठोडीही त्याच विमानानं निघाली. निघताना हमीदभाई गाठोडं हातानं दाबून म्हणाले, "खलास (झालं काम). आता अल्ला बघल." नोरबूला तार केली होती. तो दिल्लीहून गाडीनं मुंबईला येणार होता. त्याच्याकडून काहीच उत्तर आलं नव्हतं. न येण्याचा अर्थ काय लावायचा? मी दोन्ही अर्थ लावून पाहिले आणि दोन्हींनी घाबरले.

येताना समुद्राची भीती वाटली होती, जाताना ती मला आठवलीही नाही. पद्मा खिडकीशी बसली होती. जेवण आलं, गेलं. तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मी मात्र भीतीनं दोघींचं जेवले. माणसाचं पोट मोठं निर्लज्ज असतं.

सांताक्रूझला भर दुपारी उतरलो. सामान मिळालं, कस्टम झालं, बाहेर जायचं काचेचं दार समोर आलं आणि पद्मा बाकावर बसली.

"बाहर भाई होगा," ती म्हणाली. "आप जाइए. मैं यहीं हूँ."

मी म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती हलेना. दाराच्या अलीकडं होती तोवर तिची मुलगी जशी होती तशी होती, हे मला कळत होतं. म्हणून मीच गेले. माझ्यासारख्या भित्रीला देवानं हे काम का दिलं, कोण जाणे.

नोरबूला ओळखायला वेळ लागला नाही, गर्दीत पद्मासारखा चेहरा त्याचाच होता. मी पद्माची मैत्रीण असं सांगितल्यावर त्यानं माझ्या मागं पाहिलं, ती नव्हती. मग तो बोलला. आई गेली. घराचं छत बर्फाखाली बसलं. शिपायांनी खणलं तेव्हा आई पालथी सापडली आणि तिच्या पोटाखाली डोलमा, जिवंत. एक पाय मोडलाय. खाली फौजी इस्पितळात आहे. "तार में कैसे लिखता?" तो म्हणाला. "ऐसी बात तार में नहीं कहते."

आत येताना मी वाक्यं जुळवत होते. आधी काय, मग काय. शाळेत वीस वेळा तेच शिकवते मी, पण तेव्हा काही जुळेना. तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "डोलमा जिंदा है."

तिनं माझे दोन्ही हात इतके आवळले की बांगडी पिचली. "कहाँ मिली?"

मी सांगितलं. कुणाखाली ते सांगितलं. आई गेली असं मी म्हटलंच नाही, म्हणायला लागलं नाही. मग तिनं नर्ससारख्या आवाजात एकच विचारलं.

"जब निकाली, बच्ची गरम थी?"

हे मी नोरबूला विचारलं नव्हतं. मी पुन्हा बाहेर गेले, विचारून आले. "हो," मी मराठीतच म्हटलं. "गरम होती. अगदी गरम."

पद्मा उठली, दार उघडलं आणि वाकळांच्या गाठोड्यांची गाडी ढकलत भावाकडं गेली.

वसईला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. आल्या आल्या शेजारणी जमल्या. बहरीन कसं आहे, सोनं स्वस्त आहे का, उंट पाहिलास का. मी सगळ्यांना सांगते म्हटलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. मला वाटायचं, माझी भीती ही माझी एकटीचीच खोड आहे. पण भीती सगळ्यांनाच असते, कुणी तरीही लेकराला पोटाशी धरून त्याच्यावर पालथं पडतं, एवढाच फरक. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. आमच्याकडं मिठी मारायची पद्धत नाही. मी सूप बाजूला सारलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"अगं, प्रवासानं दमलीस काय?" ती म्हणाली आणि तिचा तांदळाच्या पिठाचा हात माझ्या केसांवर आला. गरम होता तो.