लाटेकाठचे रोडगे

माझी फजिती सांगतो, पण हसायचं ते आत्ताच हसून घ्या. पुढं मी समुद्राबद्दल अतिशय गंभीरपणे बोलणार आहे.

हो, समुद्राबद्दल! घर अमरावतीकडं, कॉलेज अकोल्याला. आमच्याकडं लाट येते ती उन्हाची, आणि तिच्यावर उभं राहायची कोणाची टाप नाही! पण कॉलेजात एका मित्राच्या मोबाइलवर मी सर्फिंग पाहिलं. एक पोरगा फळीवर उभा राहून लाटेवरून सरसर किनाऱ्याकडं येत होता. आणि कुठं? आपल्याच कोकणात! हे आपल्या राज्यात चालतं आणि वऱ्हाडातल्या पोरांना पत्ताच नाही? हा अन्याय आहे!

मी अन्यायाविरुद्ध ताबडतोब उभा राहिलो. म्हणजे खोलीवर बसलो आणि कोकण किनाऱ्याची सर्फिंग मार्गदर्शिका लिहायला घेतली.

नकाशे पाहिले, हवामानाचे अंदाज पाहिले, तिकडच्या पोरांना फोन करकरून छळलं. कुठं तळाशी खडक आहेत, कुठं नुसती वाळू. सकाळी जमिनीवरून वारा वाहतो तेव्हा लाट कशी गुळगुळीत उठते, दुपारी तो समुद्राकडून सुटला की कशी विस्कटते. सगळं लिहून इंटरनेटवर टाकलं. लोक वाचायला लागले, शंका विचारायला लागले! मी अकोल्यात पंख्याखाली बसून त्यांना देवगडचा वारा समजावून सांगायचो. समुद्र पाहिला आहेस का, एवढंच कोणी विचारलं नाही.

मग मी ठरवलं, नोकरीच्या परीक्षा बंद! वऱ्हाडातली पोरं कोकणात न्यायची आणि लाटेवर उभी करायची. घरी सांगितलं. आमची नांदगाव पेठेजवळ फुलशेती आहे. बाबा झेंडूचे क्रेट भरत होते.

“पोरं पाण्यात पाडाले तुयासंगं कोन पाठवीन बे?”

“बाबा, पडायचं नसतं, उभं राहायचं असतं!”

“उभं राहाले समुद्र कायले पायजे? इथं उभा राय. क्रेट उचल.”

मी हट्ट सोडला नाही. शेवटी बाबा म्हणाले, “बरं, दाखव मले तुया समुद्र. तू म्हनतं तसं असलं तं कर तुया मनासारखं. नाई तं मुकाट्यानं परीक्षेले बसाचं.”

बस्स! जानेवारीत गाडी ठरवली. बाबा, आई, मी आणि अकोल्याचे मामा. मामांना कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडीत जागा होती.

आता मला सांगा, वऱ्हाडी माणूस सहलीला निघताना काय घेतो? कॅमेरा? गॉगल? गोवऱ्या! टपावर गोवऱ्यांचं भलंमोठं पोतं. कारण बाहेर जेवायचं म्हणजे रोडगे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, गरम राखेत दडपायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर हाणायचे.

“आई, कोकणात जेवायला मिळतं गं.”

“हाव, पन त्याहीच्या गोवऱ्या कशा असतीन, कोनाले मालूम?”

किनाऱ्याचं नाव सांगत नाही. आमचं पातेलं अजून तिथंच कुठंतरी असेल.

पोचलो तेव्हा ओहोटी होती. समोर ऐसपैस वाळू आणि पलीकडं तो! मी इतकं लिहिलं होतं त्याच्याबद्दल, पण बघत होतो आज पहिल्यांदाच. आईनं लांबूनच हात जोडले. बाबा म्हणाले, “लय मोठा हाये बाप्पा!” एवढं कौतुक माझ्या दहावीच्या निकालाच्याही वाट्याला आलं नव्हतं.

मामा वर नारळाखाली सतरंजी अंथरत होते. मीच त्यांना अडवलं. “मामा, एवढ्या लांबून लाट काय दिसणार?”

आणि खरं सांगा, रोडगे कोणी पाण्यापासून लांब लावतं का? कौंडण्यपूरच्या जत्रेला आपण वर्धा नदीच्या काठाला अगदी पाण्याजवळ बसतो. भांडी धुवायला सोपं पडतं. मी तज्ज्ञ! ऐटीत पुढं गेलो आणि ओल्या वाळूवर पाय आपटून म्हणालो, “इथं! वाळू घट्ट आहे, उडून भाजीत पडणार नाही.”

विस्तव पेटला. रोडगे राखेत गेले. मी बाबांना डावीकडची लाट दाखवत होतो, उजवीकडची दाखवत होतो.

“भाचे,” मामा म्हणाले, “पानी जवळ येऊन राह्यलं का?”

“भास आहे मामा. एवढं पाणी बघायची सवय नाही ना आपल्याला.”

थोड्या वेळानं मामा पुन्हा म्हणाले, “भाचे, भासानं माही चप्पल नेली.”

“घाबरू नका! लाटा गटानं येतात. हा मोठा गट गेला की पाणी आपोआप मागं…”

चर्रर्र!

धूर, वाफ, राख! आई ओरडली, “अवो, रोडगे धरा!” बाबा गुडघाभर पाण्यात रोडगे चाचपायला लागले. पातेलं वांग्यांसकट डोलत डोलत आत निघालं. आणि एक अर्धी जळलेली गोवरी, शपथ सांगतो, लाटेच्या माथ्यावर चढली आणि अजिबात न डगमगता सरळ किनाऱ्याला आली. वऱ्हाडातली पहिली सर्फर!

तेवढ्यात फळी बगलेत मारून एक मुलगी धावत आली. तिनं आईची वाहून चाललेली परात पकडली आणि आम्हा सगळ्यांना नारळाखाली आणलं.

“काकू, तुम्हाला कोणी सांगितलं नाही? भरतीला इथली सगळी वाळू पाण्याखाली जाते!”

“नाई वं बाई.”

“इंटरनेटवर एक मस्त मार्गदर्शिका आहे, मराठीत. त्यात ठळक लिहिलंय, ओहोटीला फसू नका, सामान वर ठेवा. आम्ही पुण्याहून तीच वाचून येतो.”

मी नारळ मोजायला लागलो. आणि आई? भिजलेली, राखेनं माखलेली, पण अभिमानानं फुललेली माझी आई म्हणाली, “अवं, माह्याच पोरानं लिवलं ना थे! हा काय, हाच!”

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. माझी पँट ओली, हातात गोवरी.

“तुम्ही?”

“हो,” मी म्हणालो. “म्हणजे, लिहिलं तेव्हा भरती स्क्रीनवर होती.”

ती हसत हसत वाळूतच बसली. बाबा मात्र एका रोडग्यावरची राख झटकत होते. संपलं, म्हटलं. आता परीक्षा!

त्यांनी एक घास खाल्ला. “खारट झाला.” मग मुलीकडं वळले. “बाई, हा लिवते थे खरं राह्यते?”

“एकदम खरं, काका. आम्ही कधीच फसलो नाही.”

बाबांनी दुसरा घास खाल्ला. बराच वेळ चावला.

“मंग कर तू. आन पोराइले इथं. पन संगं एक मानूस ठेव, तू लिवलेलं तुले वाचून दाखवाले.”

ते वाचून दाखवायचं काम सध्या आईकडं आहे. आणि मार्गदर्शिकेत त्या किनाऱ्यापुढं तिनं मला एक ओळ घालायला लावली आहे: ‘लाट उत्तम, वारा सकाळी चांगला. रोडगे नारळाखालीच लावावेत. लेखकानंसुद्धा.’